उष्टी वाटी

१

दुपारी साडेबाराला मी इंदूला भरवायला बसतो. मऊ भात, त्यावर वरण, हाताने कालवून अगदी पातळ केलेलं. वाटी तिच्या माहेरची, पितळेची, कल्हई केलेली. काठाला एक खोक पडलेली. मी चमचा ओठाला लावतो, ती तोंड उघडते, मी घास आत सोडतो. डावीकडून निम्मा बाहेर येतो. तो चमच्याने हनुवटीवरून वर ओढायचा आणि पुन्हा आत घालायचा. एकेक घास तीनतीनदा.

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि तिला झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं गेलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव कधी घेतलं नाही. 'अहो' म्हणायची आणि मी 'ओ' म्हणायचो. ते अहोसुद्धा गेलं. चौदा महिने झाले.

लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो. तिला भरवताना मला किळस येते. हिरड्या दिसतात, लाळेची तार चमच्याबरोबर लांबत येते आणि माझ्या मनगटावर तुटते. त्याहून वाईट तो आवाज. चिखलातून पाय काढावा तसा. मी आयुष्यभर कानाचं काम केलेलं, त्यामुळे मला तो आवाज सगळ्या बारकाव्यांसकट ऐकू येतो. मी स्टूल हातभर लांब ठेवतो आणि खिडकीबाहेर शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे बघतो. तिला कळतं. डोळे शाबूत आहेत तिचे.

लग्न झाल्यापासून ती माझ्या मागून, माझ्याच ताटात जेवली. मी उठलो की तेच ताट पुढे ओढायची. मी कधी विचारलं नाही की तुला कसं वाटतं. आता तिच्या वाटीत चार घास उरतात. ते मी मान फिरवून मोरीत ओततो आणि वर तांब्याभर पाणी टाकतो. तिचं उष्टं मला एकदाही तोंडाला लावता आलेलं नाही.

फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या खातच नाहीत. वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. मग इस्पितळातच ठेवा." इंदूने ते ऐकलं आणि माझा सदरा धरला. उजव्या हातात तिच्या अजून ताकद आहे. तिला घरातून जायचं नव्हतं. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. सगळं त्या वाटीवर येऊन ठेपलं होतं.

२

माझं शिक्षण चौथीपर्यंत. भोसरीला एक रेडिओचा कारखाना होता, तिथे मी एकोणीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसलो. तयार झालेला प्रत्येक रेडिओ माझ्यासमोर यायचा. मी तो ऐकायचो आणि पाठीवर खडूने खूण करायचो. बरोबर, नाहीतर फुली. उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम पांढरी असायची. जेवताना इंदू म्हणायची, "आधी हात धुवा. भाताला खडूची चव येते." बाहेरचा माल उघड्यावर यायला लागला, जपानी टेप फुटपाथवर मिळायला लागले आणि त्र्याण्णव साली कारखाना बंद पडला. खडू तेव्हाच सुटला.

त्याच कारखान्यात अमीनभाई वायरिंगला होते. राहायला येरवड्यात. त्यांना हौशी रेडिओचं वेड. सरकारी परीक्षा देऊन लायसन काढलेलं, गच्चीवर तार बांधलेली. घरी बसून माइकवर हाक मारायची आणि कुठून तरी दुसऱ्या कुणाची ओ येईल म्हणून वाट बघायची, हा त्यांचा छंद. बीड, कोल्हापूर, हैदराबाद. मी विश्रांतवाडीत राहतो, बसने वीस मिनिटांवर.

मार्चमध्ये ते मंडईत भेटले. शेवग्याच्या शेंगा निवडत होते.

"कोंडीरामभाऊ, तुमचे कान अजून चालतात का?"

"चालतात. का?"

"माझे गेले. हल्ली सगळे ज्या पद्धतीने बोलतात ना, त्यात आवाज बदकासारखा येतो. मला कळतच नाही. माणूस म्हणतो हैदराबाद, मी ऐकतो उदबत्ती. जुन्या एएममध्ये आवाज भरदार असतो, ते अजून समजतं. आमचे चारपाच म्हातारे एएमवर बोलतात. पण माझा सेट मेला. तीन सेट पाहायला आणलेत, एक ठेवायचा आहे. मुलगी म्हणते कुठलाही घ्या, सारखेच आहेत."

"मग?"

"मग काय. तिला ऐकू येतं म्हणून ती तसं म्हणते. तुम्ही या. ऐका आणि खडू मारा."

मला जायचं होतं. घरातून दोन तास बाहेर पडायला मिळणार होतं, हे खरं कारण. इंदू दोन ते चार झोपते. शेजारच्या मथुराबाईंची आणि आमची भिंत एकच. मी म्हटलं, जरा कान ठेवा. त्या म्हणाल्या, "कान काय, मी अख्खीच घरी असते. जा तुम्ही."

३

अमीनभाईंच्या माडीवर टेबलावर तीन सेट मांडले होते. एक मिलिटरीच्या भंगारातला, व्हॉल्व्हचा, ट्रंकेएवढा. दुसरा जपानी, काळा, आकडे दाखवणारा. अमीनभाईंच्या मुलीच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी भावाने सिंगापूरहून आणलेला. तिसरा साताऱ्याच्या एका हौशी माणसाने घरी बनवलेला, ॲल्युमिनियमचा डबा.

मेहजबीन ही अमीनभाईंची मुलगी. कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, रात्रपाळी करून दुपारी घरी असायची. चहा घेऊन आली.

"काका, तुम्ही दोघं या रूममध्ये बसून नुसती खरखर ऐकणार? ओ गॉड."

"आणि तू ऑफिसात काय करतेस?" अमीनभाई म्हणाले. "दोन हजार साल येणार म्हणून सालाच्या आधी दोन आकडे लावतेस. नव्व्याण्णवच्या आधी एकोणीस लावायचे आणि पगार घ्यायचा."

"त्यालाच सॉफ्टवेअर म्हणतात, अब्बा."

ती हसत खाली गेली. आम्ही कामाला लागलो. आधी अमीनभाई माइकवर बोलायचे आणि मी खालच्या जिन्यात छोट्या रेडिओवर ऐकायचो, त्यांचा आवाज बाहेर कसा जातो ते. मग वर येऊन दुसऱ्यांचा आवाज आत कसा येतो ते. डब्यातला आवाज पातेल्यावर झाकण ठेवून बोलावं तसा होता. व्हॉल्व्हचा ऊबदार होता, पण खाली गुणगुण. जपानी सेट नाकात बोलत होता.

"त्याला आवाज गाळायच्या दोन चाळण्या आहेत," अमीनभाई म्हणाले. "बारीक आणि भरड. आत्ता बारीक लागलीय. हे बटण दाबा."

मी दाबलं आणि आवाज उघडला. कोंदट खोलीची खिडकी कुणीतरी उघडावी तसा. असा आवाज मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता.

सव्वादोनच्या सुमारास खरखर एकदम बसली.

"कॅरिअर आला," अमीनभाई काट्याकडे बघत म्हणाले. "कुणीतरी माइक दाबून बसलाय आणि बोलत नाही."

एएमचं हे असं आहे. माणूस बोलत नसला तरी त्याचं असणं ऐकू येतं. बाकीची खरखर दबते आणि त्या जागी त्याची खोली येऊन बसते.

अमीनभाईंनी विचारलं, कोण आहे, बोला. ओ आली नाही. मी कान जवळ नेला. खोली लहान होती. वर पत्रा होता, पत्रा ताणल्यावर करतो तसा बारीक आवाज येत होता. पंखा होता आणि त्याचं एक पातं दर फेरीला टिक करत होतं. मग स्टीलचा चमचा पितळेवर लागला. काठावरून फिरला आणि एका जागी अडखळला.

त्यानंतर तो आवाज आला. चिखलातून पाय काढावा तसा.

"काय ऐकू येतंय?" अमीनभाईंनी विचारलं. त्यांना नुसती शांतता ऐकू येत होती.

"कुणीतरी जेवतंय," मी म्हणालो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

४

घरी आलो तेव्हा इंदू जागी होती. हनुवटी स्वच्छ होती. संध्याकाळी पेज दिली तर तिने तोंड फिरवलं. पोटाला हात लावला, पोट तट्ट होतं.

मी स्वतःला समजावलं. पुण्यात आमच्यासारख्या पत्र्याच्या खोल्या हजारो. टिकटिकणारे पंखे त्याहून जास्त. जेवताना चमचा सगळीकडे वाजतो. आणि आमच्या घरात माइक नाही, तार नाही. एक जुना रेडिओ आहे, तोही फळीवर बंद.

आठवडाभर मी एक दिवसाआड येरवड्याला जात राहिलो. सव्वादोनला कॅरिअर यायचा, तीनला जायचा. अमीनभाई काटा बघून म्हणायचे, "आले तुमचे जेवणारे." मी ऐकत राहायचो. मला किळस यायची आणि कान निघायचा नाही. त्या खोलीत भरवणारा घाई करत नव्हता. दोन घासांच्या मधे बराच वेळ काहीतरी चावलं जायचं, हळूहळू, मन लावून. मग गिळण्याचा आवाज यायचा, पण वेगळ्या गळ्यातून. शेवटी वाटी खरवडली जायची आणि भुरका मारून कुणीतरी उरलेलं संपवायचं.

एका सकाळी मथुराबाई सायीचं भांडं घेऊन आल्या. इंदूचा गाल चिमटीत धरून म्हणाल्या, "बघा, गाल भरलेत. पण एक विचारू? दुपारी दोनदोनदा जेवायला घालता होय?"

"दोनदा कुठे?"

"मग सव्वादोनला चमचा कोण वाजवतं? मी पडल्या पडल्या ऐकते की. म्हटलं म्हातारा बाहेर जातो सांगून घरातच बसतो आणि बायकोला गुपचूप खाऊ घालतो. चांगलं आहे बाई. आमच्या ह्यांनी हयातीत पाण्याचा पेला दिला नाही."

मी हसलो. हसताना माझी मान इंदूकडे गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी, स्टुलाच्या थोडं अलीकडे, तिच्या उशीजवळ बघत होती.

५

कारखान्यात एखादा आवाज कुठून येतो ते कळेना, तर आम्ही एकेक गोष्ट बंद करून बघायचो. मी तसंच केलं. मंगळवारी निघताना पंखा बंद केला. गजराचं घड्याळ फळीवर, इंदूच्या डोक्याशी ठेवलं. त्याच्या घंटेचा एक स्क्रू ढिला आहे, प्रत्येक ठोक्याला आत किंचित थरथरतो. असा आवाज दुसऱ्या कुठल्या घड्याळाचा असेल, पण तो नेमका त्याच दिवशी ऐकू येणार नाही. दाराला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती खिशात.

सव्वादोनला जपानी सेटवर खरखर बसली. पंखा नव्हता. घड्याळ होतं. ढिला स्क्रू प्रत्येक ठोक्याला थरथरत होता.

मी खिशात हात घालून किल्ली चाचपली. अमीनभाई काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. चावणं थांबलं. चमचा ठेवल्याचा आवाज झाला. मग इंदूचा श्वास आला, बोलण्याआधी माणूस घेतो तसा, आणि ती म्हणाली,

"अहो."

चौदा महिन्यांनी. स्पष्ट, जरा लाडिक. भरड चाळणीतून आलेला तिचा आवाज, त्यातला घोगरेपणा, ओठ सुटल्याचा ओला आवाज, सगळं होतं. माझ्या गळ्यात ओ आली होती. ती बाहेर पडायच्या आत त्या खोलीतल्या कुणीतरी हळूच ओ दिली.

मी जिन्यावरून कसा उतरलो मला आठवत नाही. मेहजबीन खालून म्हणत होती, "काका, चप्पल. काका, अहो चप्पल घाला."

६

रिक्षा कोपऱ्यावर सोडली आणि घराकडे गेलो. दाराला कुलूप तसंच होतं. खिडकीचं एक दार नीट लागत नाही, बोटभर फट राहते. मी आधी फटीला डोळा लावला. का, ते सांगता येणार नाही. कुलूप काढायला हात धजला नाही.

फटीतून इंदूचा चेहराच तेवढा दिसत होता. ती तोंड उघडून होती, चिमणीच्या पिलासारखी, आणि तिचे डोळे हसत होते. माझ्यासमोर ती असं तोंड उघडत नाही. डावीकडून भात ओघळला. एक हात आला. अंगठ्याने हनुवटी हळुवार पुसली, आणि तो अंगठा मागे गेला, फटीत दिसत नव्हतं तिकडे, आणि चाटल्याचा आवाज आला. हात म्हाताऱ्याचा होता. पहिली दोन बोटं पांढरी होती, पेरांच्या रेघांत खडू बसलेला.

मी माझी बोटं बघितली. स्वच्छ होती.

कुलूप काढून आत गेलो तेव्हा तिच्याशिवाय कुणी नव्हतं. स्टूल मी ठेवलं होतं तिथे नव्हतं. ते खाटेला चिकटवून ठेवलेलं होतं. बसायची जागा कोमट होती. साडेबाराच्या जेवणानंतर मी धुऊन पालथी घातलेली पितळी वाटी जमिनीवर होती, चाटून लख्ख केलेली, कडेला थुंकीचा फेस.

इंदूच्या गालात घास होता. मी बोट घालून तो बाहेर काढला. तिला चावता येत नाही, चौदा महिन्यांत तिने काही चावलेलं नाही. तो घास चावलेला होता. पोळीचा. लगदा करून, लाळेत भिजवून, गोळा वळून दिलेला. त्यात दातांचे ठसे होते. बोटाला तार लागून आली, कोमट, आणि तिला आंबूस वास होता, सकाळी उठल्यावर माझ्याच तोंडाला येतो तो.

मी मोरीशी जाऊन ओकलो. इंदू रडायला लागली. मला आधी वाटलं, ती घाबरली. मग कळलं, तिला तो घास परत हवा होता.

७

दुसऱ्या दिवशी अमीनभाईंकडे गेलो ते काम संपवायला.

"काय ठरलं? जपानी ना?" त्यांनी विचारलं. "काल तुमचं तोंड बघून मला वाटलं, या सेटने तुम्हाला जन्नत दाखवली."

"नको तो," मी म्हणालो. "व्हॉल्व्हचाही नको. डबा घ्या."

"डबा? मला तर त्यात काहीच कळत नाही."

"सवय होईल. एएमला तोच चांगला."

एकोणीस वर्षांत मी चुकीची खूण कधी केली नव्हती. अमीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळे आवाज अर्धेच ऐकू येतात, म्हणून माणसाचं तोंड ते नीट वाचतात. पण ते एवढंच म्हणाले, "तुमचे कान, भाऊ. तुम्ही म्हणाल तो."

त्यांच्या शेवटच्या हौसेची मी माती केली, हे मला माहीत होतं. पण आमच्या खोलीकडे कुणी कान लावून बसावं असं मला वाटत नव्हतं. झाकण लावलेल्या पातेल्यातून काही ऐकू येणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या दिवसापासून मी घर सोडलं नाही. दुपारभर स्टुलावर बसून राहायचो. सव्वादोनला काही व्हायचं नाही. पंखा टिकटिकायचा. आणि इंदू माझ्या हातून खाईना. चमचा लावला की ओठ आवळून धरायची आणि दाराकडे बघायची. गुरुवारी दोन चमचे पाणी. शुक्रवारी तेही नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, मध्यंतरी वजन वाढलं होतं, तेव्हा काय देत होतात तेच द्या. नाहीतर सोमवारी दाखल करा, नळी घालू.

तेच द्या, म्हणाले.

८

रविवारी सव्वादोनला मी स्टुलावर नेहमीसारखा हातभर लांब बसलो, पोळी कुस्करली, दुधात टाकली. पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला आणि चावला. बराच वेळ चावला. माझ्या तोंडात तो लगदा फिरत होता आणि मला माझ्याच लाळेची शिसारी येत होती. चावून झाल्यावर माणूस गिळतो. गिळायचं नाही हे जिभेला सांगणं फार कठीण आहे. मी तो हातावर काढला. त्याच्याकडे बघितलं नाही. इंदूच्या ओठाला लावला.

तिने तोंड उघडलं.

मी खिडकीकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. हिरड्या, पांढरी जीभ, डावीकडून उतरणारा ओघळ. अंगठ्याने तो पुसला. अंगठा धोतराकडे जात होता, मी तो वळवला आणि चाटला. खारट होता. पोटातून सगळं वर आलं, ते दात आवळून खाली दाबलं. दुसरा घास, तिसरा. ती डोळे हसवून खात होती. आठव्या घासानंतर तिने मान हलवली, पुरे.

वाटीत थोडं उरलं होतं. दूध, पोळीचे तुकडे, वर तिच्या लाळेचे बुडबुडे. ती वाटीकडे बघत होती. मग माझ्याकडे. पंचेचाळीस वर्षं तिने माझं ताट पुढे ओढलं होतं. मी वाटी तोंडाला लावली. बुळबुळीत काहीतरी टाळूला चिकटलं. मी ते तोंडात धरून होतो, गिळवत नव्हतं, तेव्हा ती म्हणाली,

"अहो."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात घास तसाच होता. तसाच मी म्हणालो, "ओ."

त्या क्षणी मला माझा आवाज जरा निराळा वाटला. भरदार. खोलीत एकाऐवजी दोनदा वाजल्यासारखा. मी म्हटलं, पत्र्याची खोली आहे, आवाज घुमतो. घास गिळला. तिचा हात हातात घेतला. डॉक्टरांना सांगितलं, नळी नको.

९

पंधरवड्याने अमीनभाई तिला बघायला आले. सोबत पपई. मी त्यांना खुर्ची दिली. इंदू बरी दिसत होती, गाल वर आले होते. दिवसातून एकदा अहो म्हणते, एवढंच, पण म्हणते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"भाऊ, माफी मागायला आलो," ते म्हणाले. "डबा घ्या म्हणालात तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला फसवताय. मी घरी दोन दिवस शिव्या दिल्या तुम्हाला. मेहजबीन साक्षीला आहे."

"बरोबर दिल्यात."

"नाही. फार चांगला निघाला. मला, या कानांना, इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं. मागच्याच्या मागच्या रविवारी तर कमाल झाली. सव्वादोनला तुमचे ते जेवणारे आले. मी म्हटलं, भाऊंना काय ऐकू यायचं ते आपणही बघू. सगळं ऐकू आलं. चावणं, चाटणं. मेहजबीन तर उठूनच गेली, म्हणाली, छी, हे काय ऐकताय. मी बसलो. मग एक बाई म्हणाली, अहो. किती गोड म्हणाली, काय सांगू. आणि दोघांनी ओ दिली."

"घुमला असेल आवाज," मी म्हणालो.

"मीही वायरिंगचा माणूस आहे, घुमणं मला कळतं. दोघं होते. आवाज सारखाच, भाऊ-भाऊ असल्यासारखा. एक अगदी बाईच्या उशाशी होता, त्याने लगेच दिली. दुसरा हातभर लांब बसलेला. त्याची जरा उशिरा आली." अमीनभाई हसले. "त्याच्या तोंडात घास होता."

इंदू आमच्याकडे बघत नव्हती. मी उठलो आणि स्टूल पुढे ओढायला गेलो, खाटेला चिकटवून ठेवावं म्हणून. ते सरकेना. खाट आणि स्टूल यांच्या मधे काहीतरी होतं.